१८८५ चा तो फोटो आणि त्याखालच्या ओळी

आनंदीबाई जोशींचा तो फोटो तुम्ही पाहिलेला असणारच. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातला, १० ऑक्टोबर १८८५ चा. तिघी जणी आहेत. आपल्या डाव्या हाताला साडीतल्या आनंदीबाई, मधे किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे दमास्कसहून आलेल्या सबात इस्लामबूली. पहिल्या दोघींची डोकी उघडी, तिसरीच्या डोक्यावर वस्त्र आणि अलंकार. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. पुढच्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि त्यानंतर वर्षभरातच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात गेल्या. हे सगळं आपल्याला माहीत असतं म्हणून या फोटोकडे आपण नुसतं बघत नाही, आधीच गहिवरून बघतो. गहिवरलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. माझ्या हातून झाली, तीच सांगतो.

२०२२ साली कर्नाटकातल्या कॉलेजांमधला हिजाबचा वाद हायकोर्टात होता तेव्हा हा फोटो माझ्या फोनवर एकाच आठवड्यात दोनदा आला. एकदा बेळगावच्या मित्राकडून, एकदा इथल्याच, बडोद्यातल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याकडून. पहिल्याखाली साधारण असं होतं की बघा, दीडशे वर्षांपूर्वी मुसलमान मुलगी डोकं झाकून अमेरिकेत डॉक्टर होत होती, मग आज काय अडचण आहे. दुसऱ्याखाली बरोबर उलट: बघा, दीडशे वर्षांपूर्वीसुद्धा हिंदू मुलगी मोकळ्या डोक्याने बसली आहे आणि शेजारची झाकलेली. दोघेही सज्जन आहेत आणि दोघांनीही पुरावा म्हणून एकच फोटो धरला होता. मी दोघांनाही उत्तर दिलं नाही. देणार तरी काय? त्याच्या तीन वर्षं आधी आमच्या मंडळाच्या प्रदर्शनात याच फोटोखालची ओळ मी स्वतः लिहिली होती, आणि तीत ‘सीरियातील मुस्लिम विद्यार्थिनी’ असे शब्द होते.

त्या प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी एक बोहरा बाई आल्या होत्या. अंगात फिकट हिरवा रिदा, बरोबर कॉलेजातली मुलगी. सगळे फलक त्यांनी सावकाश वाचले, या फलकापाशी थांबल्या आणि मला विचारलं, ‘‘भाई, आ बेन मुसलमान छे एवुं क्यां लख्युं छे?’’ मी म्हटलं, दमास्कसच्या आहेत ना. आणि मग, बोलता बोलता, माझा हात आपोआप माझ्या स्वतःच्या डोक्याकडे गेला. त्या बाई हसल्या. रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, ‘‘तो तो मारी सामेवाळी पटेल बा पण मुसलमान थई जाय.’’ समोरच्या घरातल्या पटेलांच्या आजीसुद्धा मग मुसलमानच ठरायच्या की, कारण त्याही डोक्यावरून पदर घेतात!

मी तीस वर्षं कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात की ड्रॉइंग उलगडलं की आधी उजव्या कोपऱ्यातला टायटल ब्लॉक वाच: कोणी काढलं, कधी काढलं, कितवी सुधारित प्रत आहे. चित्र नंतर. इतिहासाकडे वळल्यावर मी हा नियम कागदपत्रांना लावला, फोटोला लावायचा विसरलो. फोटो म्हणजे डोळ्यांसमोर आहे ते, असं मनात कुठेतरी बसलेलं असतं.

तर आता टायटल ब्लॉक. या फोटोच्या एका प्रसिद्ध प्रतीखाली तिघींची नावं आणि गावं इंग्रजीत दिली आहेत. तिघींच्याही नावाआधी ‘डॉक्टर’ आहे. पण १८८५ च्या ऑक्टोबरात तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. आनंदीबाई मार्च १८८६ मध्ये झाल्या, ओकामी १८८९ मध्ये, इस्लामबूली १८९० मध्ये. म्हणजे ती ओळ फोटोनंतरची, चांगली चार-पाच वर्षांनंतरची धरायला हवी. चित्र एका वेळचं, शब्द दुसऱ्या वेळचे. शिवाय आनंदीबाईंचं गाव ‘सेरानिसोर’ असं काहीतरी छापलं आहे. या नावाचं गाव हिंदुस्थानात नाही, ते बंगालमधलं सेरामपूर. गोपाळराव पोस्टखात्यात होते, तिथे त्यांची बदली झाली होती आणि तिथूनच आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या. त्यामुळे कॉलेजच्या दप्तरात कल्याण नाही, पुणे नाही, सेरामपूर. इस्लामबूलींचं नावही त्या ओळीत ‘तबात’ आहे, इतरत्र ‘सबात’. स्वतःच्या विद्यार्थिनींची नावं-गावं लिहिताना जिथे इतकी गफलत होते, त्या फोटोवरून आपण धर्म वाचायला निघालो होतो.

आणि धर्म त्या ओळीत कुठेच नाही. बोहरा बाईंनी नेमकं तेच विचारलं होतं.

मग मी शोधायला बसलो. सबात इस्लामबूलींचं घराणं ज्यू असल्याचं चरित्रात्मक नोंदींत सांगितलेलं सापडतं. ‘इस्लामबूली’ या आडनावात ‘इस्लाम’ ऐकू येतं खरं, पण त्याचा अर्थ इस्तंबूलचा, इस्तंबूलकर म्हणा. आपल्याकडे पुणेकर आडनाव जसं कोणत्याही जातीत सापडतं, तसंच ते. केई ओकामी योकोहामाच्या मिशनरी मुलींच्या शाळेत शिकलेल्या, ख्रिस्ती झालेल्या. म्हणजे फोटोत एक हिंदू, एक ख्रिस्ती आणि एक ज्यू बसलेल्या आहेत, आणि आपण पाहतो एक हिंदू, एक बौद्ध आणि एक मुसलमान. तीनपैकी दोन चूक. कारखान्यातलं एखादं मीटर असं वाचन देऊ लागलं असतं तर त्याच दिवशी काढून टाकलं असतं.

आता डोक्यांकडे नीट बघू. इस्लामबूलींच्या डोक्यावर जे आहे त्याला आपण सरसकट ‘हिजाब’ म्हणून मोकळे होतो. पण चेहरा पूर्ण उघडा, अलंकार मुद्दाम दिसतील असे. हा घरातला, सणासमारंभाचा थाट आहे. त्या काळच्या दमास्कसमध्ये बाई रस्त्यावर निघाली की या सगळ्यावरून पांढरी मोठी चादर घेत असे, तिला इझार म्हणत. आणि ती मुसलमान बाई घेई, ख्रिस्ती घेई, ज्यूही घेई. शहराचा रिवाज होता. धर्मशास्त्रं प्रत्येकाची वेगळी: ज्यूंच्या मिश्नामध्ये लग्न झालेल्या बाईने उघड्या डोक्याने बाहेर जाणं गैर मानलं आहे, मुसलमानांचे आधार कुराणातले, ख्रिस्त्यांचे पौलाच्या पत्रातले. पण रस्त्यावर चादर एकच. शास्त्र आणि चादर यांचा संबंध कोणत्या क्रमाने लागतो, आधी चादर आणि मग तिला शास्त्राचा आधार की उलट, हा मोठा प्रश्न आहे. मला विचाराल तर बहुतेक ठिकाणी चादर आधी. पण ते असो.

ओकामींचं उघडं डोकं तर आणखी गमतीचं. जपानात मोठ्या घरच्या बायका पूर्वी बाहेर पडताना डोक्यावरून वस्त्र घेत, त्याला काझुकी म्हणत. नवरीच्या डोक्याला पांढरी पट्टी बांधतात, त्सुनोकाकुशी, ती पारंपरिक लग्नांत आजही दिसते. म्हणजे झाकणं तिथे अनोळखी नव्हतं, त्याची वेळ आणि जागा वेगळी होती. आणि योगायोग असा की हा फोटो निघाला त्याच १८८५ साली जपानात बायकांच्या केशरचनेची चळवळ सुरू झाली होती. तेल-मेणाने थापलेले, आठवडा-आठवडा न सोडता येणारे जुने अंबाडे टाकून साधा पाश्चात्त्य वळणाचा अंबाडा घालावा, म्हणून मंडळ स्थापन झालं होतं. तिकडे वाद चालला होता केसांचा. आपण मात्र तो फोटो बघून म्हणतो, ‘जपानी बाई, मोकळी.’ ही मोकळी बाई पुढे टोकियोच्या रुग्णालयात डॉक्टर म्हणून काम करत असताना सम्राटांनी बाईकडून तपासून घ्यायला नकार दिला, आणि तिने नोकरी सोडली. उघड्या डोक्याने तिला तिथे काही मदत केली नाही.

या फोटोत नसलेल्या बायकांविषयीही बोलायला हवं, कारण डोकं झाकण्यात त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. त्या म्हणजे कॅमेऱ्याच्या अलीकडच्या, फिलाडेल्फियाच्या. १८८५ मध्ये त्या शहरात सभ्य घरातली बाई हॅट किंवा बॉनेट न घालता रस्त्यावर दिसणं म्हणजे चर्चेचा विषय. चर्चमध्ये तर घालायचीच, कारण करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौलाने तसं सांगितलेलं. हे कॉलेज १८५० मध्ये निघालं त्यात क्वेकर मंडळींचा मोठा हात होता, आणि क्वेकर बायकांचं साधं बॉनेट ही त्यांची ओळखच होती: तोंडाभोवती कडा, हनुवटीखाली गाठ, आत केस दिसत नाहीत. त्याला आजवर कोणी ‘झाकणं’ म्हटलेलं मी वाचलं नाही. त्याला फॅशन म्हणतात, फार तर साधेपणा म्हणतात. गोव्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. तिथल्या ख्रिस्ती बायका चर्चला जाताना अंगावरून-डोक्यावरून पांढरी वोल घेत. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं कलम होतं, १९८३ च्या नव्या कायद्यात ते उरलं नाही. तेवढ्या काळात लिस्बनची मँटिला ‘नजाकत’ झाली आणि वोल ‘मागासलेली’. कापड दोन्हीकडे कापडच.

आणि मग आपल्या आनंदीबाई. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण आपण मराठी लोक इथेच सर्वांत जास्त चुकतो.

आनंदीबाईंचं उघडं डोकं हे बंडाचं लक्षण समजलं जातं. तसं नाही. कोकणस्थ-देशस्थ ब्राह्मण घरातल्या सवाष्णींचे त्या काळचे फोटो काढून बघा, बहुतेकींची डोकी उघडीच असतात. खोपा घालायचा, त्यात फूल माळायचं, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचायचा. म्हणजे आनंदीबाई बसल्या आहेत त्या पुण्या-कल्याणच्या कुठल्याही सोवळ्या घरातल्या सुनेसारख्याच. त्यांनी जायच्या आधी सेरामपूरच्या भाषणात जाहीर केलंच होतं की हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन, पोशाख-आहार बदलणार नाही. डोक्याच्या बाबतीत त्यांना काही बदलावंच लागलं नाही.

बदल झाला तो दुसरीकडेच, आणि आम्हा बडोदेकरांना त्याचं विशेष वाटावं असा. नऊवारीचा कासोटा घातला की पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्याकडच्या हवेत ठीक, पण अमेरिकेच्या थंडीत पाय गारठतात, आणि तिथल्या लोकांच्या लेखी बाईची पोटरी दिसणं म्हणजे अनर्थ. तेव्हा त्यांनी खाली परकर घालून गुजराती पद्धतीने साडी नेसायला घेतली आणि नवऱ्याला पत्राने कळवलं. गोपाळरावांची पत्रं टोचून बोलणारी असत, तरी या गोष्टीत त्या ठाम राहिल्या. गंमत बघा. जिच्या डोक्यावर आपण शंभर वर्षं चर्चा करतो, तिच्या दृष्टीने प्रश्न पायांचा होता. आणि तिच्याबरोबर अमेरिकेला गेलेल्या हिंदू परंपरेत एक मोठा भाग आमच्या समोरच्या पटेल बांच्या नेसण्याचा होता!

पण गुजराती नेसण्यात पदर पाठीमागून उजव्या खांद्यावर पुढे येतो. तो तिथून डोक्यावर ओढायला एक हात पुरतो. गुजराती बायका तसा ओढतात, सासऱ्यांपुढे, दिरांपुढे, नवऱ्याच्या गावातल्या मोठ्यांपुढे. त्याला लाज काढणं म्हणतात. माहेरी तीच बाई उघड्या डोक्याने हिंडते. म्हणजे बघणारा पुरुष नात्याने कोण, यावर पदराची जागा ठरते. आनंदीबाईंनी नेसणं घेतलं, लाज घेतली नाही, कारण ती त्यांच्या घरात नव्हतीच.

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओट्यावरून मी लहानपणी हे सगळं एकाच गल्लीत बघितलं आहे. त्या वेळी कळलं नव्हतं इतकंच. आमच्या आजीचं डोकं कायम उघडं. समोरच्या बा सासरे ओट्यावर आले की हनुवटीपर्यंत लाज ओढायच्या, आणि ते आत गेले की तीच लाज मागे टाकून आजीशी खणखणीत आवाजात भांडायच्या. गल्लीच्या तोंडाशी एक मराठा सरदार घराणं होतं. त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या बाईसाहेब डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नसत, आणि त्यांच्या तरुणपणी त्या पडदा लावलेल्या गाडीतून जायच्या असं आजी सांगायची. ही सगळी घरं हिंदू. गणपतीला एकमेकांकडे जाणारी. खुद्द राजवाड्यात गोषा होता. महाराणी चिमणाबाई, ज्यांनी १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचं अध्यक्षपद भूषवलं, त्या स्वतः गोषात राहिलेल्या आणि नंतर त्यातून बाहेर आलेल्या. राणी गोषात आणि राणीच्या कारकुनाची बायको उघड्या डोक्याने भाजी आणायला जाते, असं या शहरात एकाच वेळी चालू होतं. आता यावरून ‘हिंदू स्त्रीची परंपरा’ कोणती ते ज्याला सांगायचं असेल त्याने खुशाल सांगावं.

इथे मंडळातल्या एका तरुण सभासद बाईंनी हा लेख वाचून आक्षेप घेतला, तो रास्त आहे. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही धर्माच्या ऐवजी शहर आणि जात आणलीत, पण झाकावं लागलं ते बाईलाच ना? बरोबर आहे. मी फक्त फोटोविषयी बोलतोय. कापड दिसतं, ते कोणाच्या सांगण्यावरून आलं ते फोटोत दिसत नाही. आणि हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, घरातच शिकलो.

आमच्या घरी १९३८ चा एक फोटो आहे. मंडळाच्या जुन्या बडोद्याच्या संग्रहासाठी मी तो स्कॅन केला. ओट्यावर बसलेल्या दोन बायका. एक माझी आजी, तेव्हा पंचविशीतली, केसांत अबोलीचा गजरा, डोकं उघडं. दुसऱ्या आजोबांच्या मोठ्या बहीण, म्हणजे माझ्या आत्याआजी, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला, कानामागे घट्ट दाबलेला. मी खाली लिहिलं: ‘पारंपरिक वेशातील दोन पिढ्या.’ आईला दाखवलं. आईने चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाली, ‘‘दोन पिढ्या कसल्या? नणंद-भावजया त्या. आणि वेश कसला रे, माईंचं डोकं भादरलेलं होतं.’’

मला माहीत नव्हतं असं नाही. माई तेराव्या वर्षी विधवा झाल्या, माहेरी परत आल्या, जन्मभर आमच्याच घरात राहिल्या, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. पण फोटो बघताना मला पदर दिसला, पदराखालचं डोकं दिसलं नाही. फोटो काळापांढरा, म्हणून आलवणाचा तांबडा रंगही दिसत नाही. तो दिसला असता तर कोणाही मराठी माणसाने एका नजरेत ओळखलं असतं. आई लग्न होऊन आली तेव्हा माई पंच्याहत्तरीच्या होत्या. जग बदललं होतं, घरात कोणी जबरदस्ती करत नव्हतं, तरी दर पंधरा दिवसांनी मागच्या दाराने न्हावी यायचा. आईने एकदा म्हटलं, माई, आता कशाला? तर म्हणाल्या, ‘‘आता उघडं डोकं घेऊन मी कोणाला ओळखू येणार, सूनबाई?’’ आईने हे मला पन्नास वर्षांत पहिल्यांदा सांगितलं, तेही मी चुकीची ओळ लिहिली म्हणून.

म्हणजे आमच्या त्या ओट्यावर डोक्यावरच्या कापडाचा अर्थ आनंदीबाईंच्या फोटोच्या बरोबर उलट होता. तिथे ते न घेतलेली सवाष्ण, आणि घेतलेली जी आहे तिचे केसच काढून घेतलेले. आनंदीबाई वीस वर्षांच्या होत्या आणि गोपाळराव त्यांच्याहून वीसएक वर्षांनी मोठे. क्रम उलटा झाला असता तर आपल्याकडे असलेला फोटो कसा दिसला असता, याचा विचार मी आजवर केला नव्हता. फोटोनंतर पाचच महिन्यांनी पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. विधवा, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या, आणि पुढच्या अनेक फोटोंत डोक्यावर पांढरा पदर घेतलेल्या. त्या चौथ्या म्हणून या फोटोत बसल्या असत्या तर त्यांच्या पदराचं काय वाचन आपण केलं असतं? हिंदू विधवेचा? ख्रिस्ती विनयाचा? की नुसतं ‘पारंपरिक भारतीय वेश’? त्यांच्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या १८८७ च्या पुस्तकाला याच कॉलेजच्या डीन रेचेल बॉडलींची प्रस्तावना आहे, आणि ती आनंदीबाईंच्या मृत्यूविषयी बोलते. या तिघी एकमेकींना नीट ओळखत होत्या, त्यांना एकमेकींच्या डोक्यांवरून काही ओळखावं लागत नव्हतं.

फोटो म्हणून तो चांगलाच आहे, हेही सांगतो. तिघींच्या नजरा तीन तऱ्हेच्या आहेत आणि कोणीही बावरलेली नाही. कॉलेजला आपल्या परदेशी विद्यार्थिनींचा अभिमान होता, त्यांना आपापल्या देशाच्या पोशाखात बसवायचं होतं, ते त्यांनी केलं. दोष बसवण्यात फारसा नाही. पोशाखाला देश म्हणायचं आणि देशाला धर्म, ही पुढची पायरी आपली.

मंडळाच्या फलकावरची ओळ आता बदलली आहे. तारीख, कॉलेज, तिघींची नावं, प्रत्येकीचं मूळ शहर आणि प्रत्येकीचं पदवी घेण्याचं वर्ष. सेरामपूर नीट लिहिलं आहे. धर्म लिहिलेला नाही. पुढच्या प्रदर्शनाला त्या बोहरा बाई आल्या तर दाखवायचा आहे.

घरच्या फोटोची ओळ मात्र अजून लागलेली नाही. मला वाटतं केशवपनाचं लिहायला हवं, नाहीतर तो पदर पुन्हा कोणाच्या तरी ‘पारंपरिक’मध्ये जाऊन बसेल. आई म्हणते, जे त्यांनी जन्मभर पदराखाली ठेवलं ते तू भिंतीवर लावू नकोस, नुसतं नाव लिही. त्यावर आमचं एकमत होत आलं होतं. मग प्रश्न आला, नाव कोणतं? लग्नात बदललेलं सासरचं नाव त्यांनी तीनच वर्षं वापरलं. माहेरचं नाव परत आल्यावर कोणी घेतलं नाही, सगळे माईच म्हणत. पाळण्यातलं नाव आईलाही आठवत नाही. मी आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या पत्रिका बघतोय.